रूथचं नाव मी मोठ्याने घेतलं

प्रिय सुशीला,

उद्या सकाळी साडेदहाला धरमपेठेत आपल्या रूथची सोनोग्राफी आहे आणि मला प्रार्थना करता येत नाहीये. म्हणून तुला लिहायला बसलो.

हसू नकोस. ज्याची प्रार्थना संपेपर्यंत लोकांचा चहा गार व्हायचा, त्या माणसाला आज तीन वाक्यं जुळत नाहीत. साडेसातला नेहमीसारखा बसलो. टीव्ही बंद केला, पवित्र शास्त्र वाचलं, गाण्याची दोन कडवी एकट्यानेच म्हटली. मग डोळे मिटले आणि लगेच उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. मिटलेल्या डोळ्यांची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

काय झालं ते क्रमाने सांगतो. क्रम चुकला की मला चैन पडत नाही, तुला माहीत आहे.

रूथला पुन्हा दिवस गेलेत. तिसऱ्यांदा. आज बारावा आठवडा, दुसरा दिवस.

पहिल्या वेळचं तुला ठाऊकच आहे. मला मात्र तू सोळा दिवसांनी सांगितलंस, सगळं होऊन गेल्यावर! नवव्या आठवड्यात पोरीचं मूल गेलं, तू कामठीला तिच्या सासरी चार दिवस राहून आलीस, आणि मला काय सांगून गेलीस? टायफॉइड! मी इकडे बुधवारच्या घरप्रार्थनेत टायफॉइडसाठी प्रार्थना मागितली. ताप नेमका किती आहे हे विचारायला तुला फोनसुद्धा केला आणि तू शांतपणे म्हणालीस, "एकशे एक." त्या खोट्या एकशे एकाचा राग मी तुझ्यावर कितीतरी महिने धरून होतो. बापाला परकं केलंस म्हणून. तू का केलंस ते विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

दुसऱ्या वेळी तू नव्हतीस. विहीणबाईंनी दुसऱ्या महिन्यातच हौसेने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अकराव्या आठवड्यात जावयाचा, संदीपचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडं टाकून धावलो. दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. नंतर महिनाभर बाया येत राहिल्या. हात धरून रडायच्या, प्रभूची इच्छा म्हणायच्या, आणि आपली रूथ उठून प्रत्येकीला चहा करून द्यायची. ज्या पोरीचं मूल गेलं, तिनेच लोकांचं सांत्वन करायचं! मी तिथे बसून होतो, सुशीला. मीही दोन वेळा चहा घेतला. मला तेव्हा हे दिसलं नाही, आता दिसतं.

म्हणून या वेळी तिने ठरवलं, बारा आठवडे कोणाला सांगायचं नाही. सासूलासुद्धा नाही. संदीपला माहीत, आणि मला.

मला सांगायला ती स्वतः दुकानात आली. मी एका शिलाई मशीनचं शटल खोलून बसलो होतो. "बाबा, आधी हात पुसा," म्हणाली. मी पुसले.

"आई असती तर आईला सांगितलं असतं. आई नाही म्हणून तुम्हाला सांगून राहिले. कोणाजवळ बोलू नका. घरी एकटे प्रार्थनेला बसता ना, त्यात फक्त माझं नाव घेत जा."

"चर्चमध्ये पाळकसाहेबांना सांगितलं तर..."

"पाळकसाहेबांनापण नाही, बाबा."

"अगं, बापावर विश्वास नाही का?"

ती हसली.  जाताना माझ्या डब्यात भाजी किती उरली आहे ते झाकण उघडून पाहिलं, अगदी तू पाहायचीस तसं, आणि गेली.

आता बुधवारचं सांगतो.

घरप्रार्थना तू गेल्यापासून मी चालवतो. पाळकसाहेबच म्हणाले, "ताईंच्या जागी तुम्ही बसा." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आठवी नापास माणूस. मशीन शिकलो ती भंगारातली उघडून उघडून, आणि शास्त्र शिकलो ते एकेक ओळ बोटाखाली धरून. आणि आज माझ्यासमोर बँकेतली माणसं माना खाली घालून बसतात! तुझी पद्धत मला कधीच पटली नव्हती. सुरुवातीला तू विषय विचारायचीस, कोणाला काय अडचण, कोणासाठी प्रार्थना करायची ते. आणि मग डोळे मिटून म्हणायचीस, "बापा, एक बहीण आहे. एक घर आहे. तुला सगळं माहीत आहे." संपलं!

"नाव नाही, गाव नाही," मी घरी येऊन तुला म्हणायचो, "अशी चिठ्ठी पोस्टमनसुद्धा परत आणून देतो."

"अहो, देवाले पत्ता लागते काय?" तू म्हणायचीस आणि कणीक मळायला घ्यायचीस.

मी आलो आणि सगळं नीट केलं. प्रत्येकाचं नाव, आजार, डॉक्टरने काय सांगितलं, ऑपरेशन किती वाजता. डावा गुडघा असेल तर डावा म्हणायचं. उजवा म्हटला आणि देवाने उजवा बरा केला तर? लोक खूश होते. शोभाताई एकदा बाहेर पडताना म्हणाल्या, "भाऊची प्रार्थना म्हणजे पूरा एक्स-रे असते बाप्पा!" मी ते कौतुक म्हणून घेतलं. अजूनही मला नक्की कळत नाही, त्या काय म्हणाल्या होत्या.

रूथ दुकानात येऊन गेली त्यानंतरच्या बुधवारी घरप्रार्थना शोभाताईंकडे होती. मी धरून नऊ माणसं. गाणं झालं, वाचन झालं, विषय झाले. मी डोळे मिटले. सुशीला, शपथ घेऊन सांगतो, सांगायचं नाही हे मला आठवत होतं. मी तुझ्यासारखंच सुरू केलं. म्हटलं, बापा, एक मुलगी आहे. आणि तिथे थांबलो. ते इतकं अपुरं वाटलं! एक मुलगी म्हणजे कोणती? जगात किती मुली! आपल्याच पोरीबद्दल आपण असं मोघम बोलतोय याची लाज वाटली. डोळे मिटलेले होते. अंधार, आणि त्या अंधारात मी आणि तो. खोलीत माणसं आहेत हे मी विसरलो. आणि जीभ सुटली. "प्रभू, माझी रूथ. आठवा आठवडा आहे. पहिलं नवव्यात गेलं, दुसरं अकराव्यात. हे तिसरं तरी तिच्या ओटीत राहू दे." आणखीही बोललो. डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनचं नावसुद्धा सांगितलं. बरोबर उच्चारलं.

"आमेन" म्हटलं तर माझ्या आमेनमागे कोणाचंच आमेन आलं नाही.

डोळे उघडले. आठ जण माझ्याकडे बघत होते. मग सगळे एकदम उठले. सलाम करताना नेहमी आपण हात हातात घेऊन डोळ्यांत बघतो ना, त्या दिवशी सगळ्यांनी माझा हात घेतला आणि डोळे चहाच्या कपांकडे. फक्त शोभाताई बोलल्या, "भाऊ, आम्ही उपास धरू बरं रूथसाठी." चांगल्या मनानेच बोलल्या. आणि चांगल्या मनानेच त्यांनी त्या संध्याकाळी कामठीच्या आपल्या नणंदेला फोन करून तिलाही उपास धरायला सांगितलं. नणंद विहीणबाईंच्याच मंडळीतली, त्याच चर्चची.

सकाळी सव्वासातला विहीणबाईंचा फोन. "काहून जी भाऊ, आम्ही काय परके होतो? बुधवारच्या बायाइले मालूम अन् घरच्या सासूले नाही! उपास धरनारी मले विचारते, कितवा महिना? काय सांगू मी तिले?" मी क्षमा मागत होतो आणि त्या रडत होत्या. राग नव्हता तो, अपमान होता. तो मी केला होता, पण तिथे घरात एकाच छताखाली तो भोगायचा होता रूथला.

दुपारपर्यंत रूथला पाच जणींचे फोन. पपई खाऊ नको, जिना चढू नको, अमक्या बाईकडून डोक्यावर हात ठेवून घे. संध्याकाळी तिचा मला फोन आला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्ही देवाशी बोलत होते का लोकांशी?"

मी म्हणालो, "देवाशीच. शपथेवर सांगतो, देवाशीच गं."

"मग आवाज काहून मोठा होता?"

आणि फोन ठेवला. त्याला आज सत्तावीस दिवस झाले.

मी फोन केला की संदीप उचलतो. जावई गुणी आहे, शब्द वाकडा जात नाही. "बाबा, ती ठीक आहे. तुम्ही तूर्त नका बोलू. मी आहे ना." ठीक म्हणजे काय ठीक? नववा आठवडा पार पडला का, इंजेक्शन चालू आहे का, पाय सुजलेत का? एकही गोष्ट मला ठाऊक नाही. दुकानात फोन वाजला की हातातलं काम सुटतं. परवा एका शिंपिणीने मशीन कधी देता विचारायला फोन केला आणि मी तिला म्हणालो, "आधी सांगा, बरी बातमी आहे ना?" बिचारी घाबरली.

आणि ऐक, तुझ्याशिवाय हे कोणाला सांगता येणार नाही. रूथ लहान असताना तुझी आई तिच्या गालाला काजळाचा ठिपका लावायची. मी तो रुमालाने पुसला होता आणि सासूबाईंना अर्धा तास सुनावलं होतं, ख्रिस्ती घरात नजर-बिजर चालणार नाही म्हणून. आठवतं? तोच मी रोज रात्रीचं जेवताना मोजतो. खोलीत नऊ तोंडं. शोभाताईंची नणंद दहावं. विहीणबाई अकरावं. त्यांच्या शेजारणी किती? माझ्या तोंडून निघून ती गोष्ट किती तोंडांत गेली? माझा यावर विश्वास नाही, सुशीला. तरीही मोजतो. काही झालं, तर ते मी बोललो म्हणून झालं, असं मला मरेपर्यंत वाटत राहील. पाळकसाहेब शंभर वेळा नाही म्हणाले तरी.

दुसरी भीती याहून मोठी आहे. काही झालं तर या वेळी ती मला सांगणारच नाही. टायफॉइड म्हणेल.

हे लिहिलं आणि इथे थांबलो होतो. आता कळतंय तू एकशे एक का म्हणालीस. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. माझ्या जिभेवर नव्हता. मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस गं? तोंडावर सांगायला हवं होतंस. मी भांडलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, पण कळलं असतं. माझा मान राखत राहिलीस आणि मी तसाच राहिलो.

रूथने पण तेच केलं. सहा वर्षांची असताना ती जेवणाआधी प्रार्थना म्हणत होती. "देवा, मले अंधाराचं भेव लागते." मी मध्येच अडवलं. म्हटलं, "मले नाही, मला. भेव नाही, भीती. पुन्हा म्हण." तिने पुन्हा म्हटलं, शुद्ध. त्यानंतर या घरात माझ्यासमोर तिने मोठ्याने प्रार्थना कधी केली नाही. तू म्हणायचीस पोर लाजते. मीही तेच मानलं. बावीस-तेवीस वर्षं पोर लाजते काय?

घरप्रार्थनेचं ऐक. त्या बुधवारनंतरच्या बुधवारी मी विचारलं, "विषय?"  मी एकेकाकडे बघितलं. "सगळं ठीक आहे भाऊ." "प्रभूची कृपा आहे भाऊ." अकरा माणसं बसली होती आणि एकाच्याही घरात एकही अडचण नव्हती! ज्या बाईच्या मुलाची नोकरी सुटल्याचं मला बाहेरून कळलं होतं, तीसुद्धा म्हणाली, मस्त चाललंय. मी देशासाठी, पावसासाठी आणि सरकारसाठी प्रार्थना केली. बारा मिनिटांत संपली. सुशीला, लोक मला घाबरतात. मला वाटायचं मान देतात.

शेवटी मार्थामावशीनेच सांगितलं. गेल्या बुधवारी सगळे गेल्यावर ती चपला शोधायच्या निमित्ताने मागे राहिली. सत्तर पार झालेली बाई, तिला काय भीती!

"भाऊ, बुरा नका मानू. तुमची बायको सुरू व्हायच्या आधी दारात उभी राहून काय करे, तुमाले मालूम हाय काय?"

म्हटलं, "गप्पा मारायची. तिच्यापायी दर वेळी दहा मिनिटं उशीर."

"गप्पा!" मावशीने कपाळाला हात लावला. "इचारे ते. एकेकाले बाजूले घेऊन इचारे, नाव घेऊ का तसंच सांगू? मले तर हरेक बुधवारी इचारे. माह्या पोराच्या दारूचं तिनं आठ वर्सं देवाले सांगितलं, पन या लोकाइले कधी समजलं नाही कोनाचं पोरगं हाय ते."

"मलाही नाही समजलं," मी म्हणालो.

"तुमाले तर नाहीच समजू देल्लं. मीच मना केलं होतं, का बाई, तुह्या नवऱ्याले नको सांगजो." आणि हसली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "रूथले मी काही पपई-बिपई सांगाले फोन नाही केला गा. करनार बी नाही."

दहा मिनिटं, सुशीला! किती वर्षं मी घड्याळ दाखवून तुला आत बोलावलं. सगळ्यांसमोर. "या आता, पंचायत पुरे." आणि तू काही न बोलता आत येऊन बसायचीस. आज मी तुझी क्षमा मागतो. ती दहा मिनिटं म्हणजेच खरी प्रार्थना होती की काय, असं मला वाटायला लागलं आहे. पण यावर मोठं काही बोलत नाही. मोठं बोलायची माझी सवयच नडली आहे.

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी संदीपचा फोन आला. "बाबा, उद्या साडेदहाला धरमपेठेत तपासणी आहे. रूथ म्हणते, यायचं असेल तर या."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. 

"पण ती म्हणते," तो अडखळला. त्यालाच ते बोलायला जड जात होतं. "ती म्हणते, तिथे प्रार्थना नका करू. म्हणजे, मोठ्याने. आणि कोणाला सांगू नका. आई येणार आहे, आईशीपण त्यावर काही नका बोलू."

"बरं," मी म्हणालो.

"राग नाही ना आला, बाबा?"

"नाही बेटा. तिला सांग, येतो."

आणि आज बुधवार! सहाला मार्थामावशीकडे घरप्रार्थना. जावं की न जावं? न गेलो तर म्हणतील काहीतरी झालंय, आणि लगेच कामठीला फोन. म्हणून गेलो. चौकट ओलांडत नाही तोच शोभाताई. "भाऊ, रूथचं कसं काय? बारावा लागला असंल ना आता? सोनोग्राफी झाली का व्हायची हाय? कुठं करून राहिले?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उपास धरलेली माणसं. त्यांना विचारायचा हक्कच होता एका अर्थी, तो मीच दिला होता. साडेदहा, धरमपेठ, बारावा आठवडा तिसरा दिवस, सगळं जिभेच्या टोकावर. आणि किती बरं वाटलं असतं सांगून! आठ-दहा माणसं उद्या साडेदहाला आपापल्या घरी गुडघे टेकून बसली असती. मला त्या आधाराची भूक लागली होती, सुशीला. भीती वाटत असली की माणसाला गर्दी हवी असते.

"तिचं ती सांगेल, शोभाताई," मी म्हणालो.

"अरे बाप्पा! आम्ही काय परके हाव?"

"तुम्ही परके नाही. चूक माझी होती. मी तिला विचारलं नव्हतं."

 माझ्या तोंडून 'चूक माझी' हे त्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मीही. शोभाताई फुगल्या, गाणं संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. प्रार्थना मी मार्थामावशीला करायला सांगितली. तिने अशुद्ध, तुटक, मध्येच खोकत केली. मी एकही शब्द सुधारला नाही, मनातसुद्धा नाही. बरं, एक सुधारला. मनात.

घरी आलो, साडेसातला बसलो आणि पुढचं तुला सांगितलंच. शब्द येत नाहीत. तपशील दिला तर वाटतं पुन्हा चुगली करतोय. तपशील नाही दिला तर वाटतं तो कसा ओळखेल. तू कशी बोलायचीस गं एवढंच? 'तुला सगळं माहीत आहे' एवढं म्हणून तुला झोप कशी लागायची? मला तर भीती वाटते की त्याला सगळं माहीत आहे, आणि तरीही दोन वेळा झालं.

हे वाक्य खोडणार होतो. नाही खोडत. तुझ्याजवळ तरी खरं राहू दे.

आत्ता, हे लिहीत असताना, फोन वाजला. पेन खाली ठेवून नाव बघितलं. रूथ. सत्तावीस दिवसांनंतर.

"बाबा."

"हो."

"उद्या तो निळा शर्ट नका घालू."

मी कपाटाकडे बघितलं.

"मागच्या वेळी तोच घातला होता तुम्ही. दवाखान्यात. मला दुसरं काही आठवत नाही, तो शर्टच आठवते. असं काही नसते, माहीत आहे मला. पण नका घालू."

काजळाचा ठिपका पुसणाऱ्या माणसाची मुलगी आहे ही! ख्रिस्ती माणसाने असं मानू नये, यावर माझ्याजवळ तीन वचनं तयार असतात. एकही तोंडात आलं नाही. पोर घाबरली होती, सुशीला. माझ्याइतकीच. आणि घाबरलेली असताना तिने मला फोन केला होता.

"बरं बेटा," मी म्हणालो. "पांढरा घालतो."

"हं."   फोन कोणीच ठेवत नव्हतं. मी विचारलं नाही पाय सुजलेत का. विचारलं नाही इंजेक्शन चालू आहे का. शेवटी ती म्हणाली, "जेवा तुम्ही," आणि ठेवला.

निळा शर्ट कपाटातून काढून गाठोड्यात बांधलाय. पांढऱ्याला इस्त्री करायची आहे. उद्या आठ पन्नासला निघेन, म्हणजे लवकरच पोचेन. खाली बाकावर बसेन. विहीणबाई आल्या तर उठून सलाम करेन आणि त्यांना बसायला जागा देईन.

तुला एक वचन देतो. उद्या त्या दारातून रूथ बाहेर येईल तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघून काही ओळखायचा प्रयत्न करणार नाही, आणि पहिला प्रश्न माझा नसेल. ती सांगेल तेवढं ऐकेन. मग जे काही असेल, ते पोटात घेऊन घरी येईन आणि गप्प बसेन. शोभाताईंना नाही, पाळकसाहेबांना नाही, मार्थामावशीला नाही. तुझ्या फोटोसमोर उभा राहीन तेव्हाही तोंड उघडणार नाही. आधी पोरीला विचारेन, "आईला सांगू का?" ती हो म्हणाली तरच तुला पुढचं पत्र येईल. नाही म्हणाली तर तू वाट बघू नकोस, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा,
प्रभाकर